धुक्यातलं अंडं

आमच्या घरी रिकाम्या हातांनी कुणी बसत नसे. वडील साकीनाक्याच्या एका गाळ्यात प्लॅस्टिकच्या मोल्डिंगवर कामाला होते आणि येताना बाटल्यांच्या झाकणांचं पोतं पाठीवर घेऊन यायचे. साच्यातून निघालेल्या झाकणाला कडेने पातळ पापुद्रा राहतो, तो ब्लेडने कापून टाकायचा. आई कापायची, मी कापायची, धाकटी मितू कापलेली झाकणं पिशव्यांत भरायची. कर्र, टिक. कर्र, टिक. त्या आवाजात मी बारावी केली. जेवायला बसलं तरी नखांना प्लॅस्टिकचा वास यायचा. आई गावाहून आलेला येसर उकळत्या पाण्यात सोडायची, त्याची लालभडक आमटी व्हायची, त्यात ज्वारीची भाकरी कुस्करून खायची. वर मूठभर भाजलेली सुकट असली तर तो दिवस चांगला. गाळ्याचा मालक अधूनमधून म्हणायचा की आता सगळं वसईला हलवणार. ते ऐकून आलेल्या दिवशी वडील जेवताना मान वर करत नसत, आणि आम्ही दोघी बहिणी पाण्याचा पेलासुद्धा आवाज न करता खाली ठेवायचो.

घर भांडुपच्या टेकडीवर, जवळजवळ शेवटचं. आमच्या वर फक्त परबकाकींचं घर, मग एक पडकी भिंत, आणि भिंतीच्या पलीकडे जंगल. रिक्षा खालच्या चौकात थांबायची, तिथून पायऱ्या. पाणी खालच्या नळावरून आणायचं. दिवेलागण झाली की आई दारात उभी राहून पळीने थाळी वाजवायची, कारण परबकाकींचा कुत्रा बिबट्याने त्यांच्या ओट्यावरून उचलून नेला होता. ओट्यावर फक्त साखळी राहिली होती. काकींनी ती काढली नाही. वारा आला की साखळी फरशीवर सरकायची आणि मितू माझा दंड घट्ट धरायची. आज मी सोसायटीच्या बिल्डिंगमध्ये राहते, खाली वॉचमन असतो, तरी कुठे साखळी सरकल्याचा आवाज आला की माझा हात आपोआप दाराच्या कडीकडे जातो.

मितूच्या पाठीवर आईची दोन लेकरं गेली होती. एक जन्मतानाच गेलं. दुसऱ्याचं नामकरण झालं, विहारातली माणसं आली, तो सगळ्या गल्लीच्या मांड्यांवरून फिरला. 'कसला गुटगुटीत आहे,' असं जो तो म्हणाला. पंधरवड्यात त्याला न्यूमोनिया झाला आणि तो गेला. वडिलांनी न्यूमोनिया म्हटलं. आई काहीच म्हणाली नाही. आमच्या घरात दृष्ट काढणं, लिंबू टांगणं असलं काही चालत नसे. वडील विहाराच्या सभेत उभं राहून त्याविरुद्ध बोलायचे आणि छान बोलायचे. मला त्यांचा अभिमान होता, अजूनही आहे. पण आईच्या मनात जे बसलं होतं ते तिला बोलायला घरात जागाच नव्हती. मग ते तिने तसंच आत ठेवलं.

मी मुलुंडच्या कॉलेजला जायला लागले तेव्हा डिंपल भेटली. घाटकोपरची गुजराती मुलगी, तोंडाने फटकळ, मनाने मोकळी. कॉलेजच्या कॉम्प्युटर रूममध्ये एकदा ती स्क्रीनकडे बघून लाडाने बोलत होती.

"कुणाशी बोलतेस गं?"

"माझ्या बाळाशी."

मी वाकून बघितलं. अंगठ्याएवढं चित्र होतं. "हे अंडं आहे."

"ड्रॅगनचं आहे, यार. तुला पण देते एक. पण सांभाळशील ना? मरतात ही."

तो खेळ असा होता. एक अंडं आपल्या नावावर घ्यायचं. ते आपण एकट्याने बघून फुटत नाही, अनोळखी लोकांनी येऊन त्याच्याकडे बघायला लागतं. ठरलेल्या मुदतीत पुरेशा नजरा पडल्या की अंड्याला तडा जातो, पिल्लू बाहेर येतं, पिल्लाकडेही लोकांनी बघितलं की ते मोठं होतं. मुदत संपेपर्यंत कुणी बघितलं नाही तर मरतं. आणि एकदम फार लोकांनी बघितलं तर आजारी पडतं. आजारी पडलं तर त्याच्यावर धुकं पांघरायची सोय होती. धुक्यात ते कुणाला दिसत नाही, त्याला आराम पडतो. मोठ्या झालेल्या ड्रॅगनला नाव द्यायचं आणि त्याच्या स्वभावाबद्दल इंग्रजीत चार ओळी लिहायच्या. त्या ओळी बाकीचे खेळणारे वाचायचे, पटल्या तर ठेवायचे, नाही तर परत पाठवायचे.

आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत कुणीतरी दिलेला जुना कॉम्प्युटर होता. कॉलेजातून आले की मी मितूला घेऊन तिथे बसायची. अंडी मी सांभाळायची, स्वभाव मितू द्यायची. ती तेव्हा चौथीत होती. हिरव्या ड्रॅगनचं नाव तिने हवालदार ठेवलं. तो नळावर रांग लावतो, कुणी कुणाचा हंडा पुढे सरकवला ते त्याला कळतं, पण चावत नाही, कारण त्याच्या दाढा दुखतात. निळी होती ती मालन. तिला फक्त सुकट लागायची, आणि झाकणांचं पोतं उघडलं की ती झोपेचं सोंग घ्यायची. तिसरा काळा होता. त्याला मितूने नाव दिलंच नाही.

"नाव ठेव की गं त्याचं."

"नको. हाक मारली तर तो खाली येईल."

"कुठून?"

"भिंतीवरनं. तो आपल्या भिंतीवर बसतो. बिबट्या त्याला घाबरतो." मग म्हणाली, "मीपण घाबरते."

मालनबद्दलच्या माझ्या इंग्रजी ओळी परत आल्या. लांब कुठल्यातरी देशातल्या माणसाने लिहिलं होतं की ती सुकट खाते हे आवडलं, पण दुसरं वाक्य कळलं नाही. मी ते वाक्य पुन्हा लिहिलं. पुन्हा परत. तिसऱ्या वेळी पटलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी इंग्रजीत वाक्य लिहिलं नव्हतं आणि मी लिहिलेलं कुणीतरी, ओळख ना पाळख, थांबून वाचत होतं. कॉलेजच्या मास्तरांनी तोवर माझं नावही विचारलं नव्हतं.

त्याच दिवसांत आईने नळावर जाणं सोडलं. म्हणाली पाठ दुखते. मग ती दिवसाही आतल्या कोपऱ्यात बसायला लागली, झाकणांचं पोतं मांडीपुढे ओढून, पदर असा पसरून की काही दिसू नये. मी पाण्याचा हंडा ठेवताना एकदा तिचा पदर सरकला आणि मला कळलं. तिला कळलं की मला कळलं.

"कुणाला बोलायचं नाही," ती म्हणाली. "परबीणीला नाही, तुझ्या त्या घाटकोपरवालीला नाही. आणि पोलिओवाल्या बाईला तर मुळीच नाही."

पोलिओवाली बाई म्हणजे पालिकेची आरोग्य स्वयंसेविका. ती घरोघर फिरून कोण गरोदर, कुणाचं लेकरू केवढं, ते विचारून जायची, डोस पाजायची, म्हणून सगळी टेकडी तिला पोलिओवाली म्हणायची. तिला सांगितलं की अर्ध्या तासात गल्लीला कळतं, असं आईचं म्हणणं. ती दारात आली की आई आतून ओरडायची, "आमच्यात कुणी नाही हो."

"बाबांना माहीत आहे?"

"आहे. दवाखान्यात नाव घाल म्हणले. घातलं म्हणाले मी."

"पण घातलं नाहीस."

"बाई, मागच्याला सगळ्यांनी बघितलं," आई म्हणाली, आणि ब्लेड उचलून कापायला लागली. त्या चार शब्दांच्या पुढे ती कधी गेली नाही. त्यातच सगळं होतं.

मी कुणाला सांगितलं नाही. पण तेव्हापासून घरात पाऊल टाकताना माझी नजर आधी तिच्या कोपऱ्याकडे जायची. आईचे पाय सुजायला लागले. मितूने खेळता खेळता तिच्या घोट्यावर बोट दाबलं तर तिथे खड्डा पडला आणि तसाच राहिला. मितू त्या खड्ड्याकडे बघत बसली. आईचं डोकं दुखायचं, कपाळाला करकचून फडकं बांधायची. म्हणायची, डोळ्यांपुढे काजवे येतात. वडील कामावरून आले की ती फडकं सोडून ठेवायची आणि आमटी वाढायची. वडील तिच्याकडे बघायचे, मग ताटाकडे. मी दोघांकडे बघायची. बाहेर साखळी सरकत असायची.

मितूला आम्ही सांगितलं नव्हतं, पण ती काय आंधळी होती? एके दिवशी अभ्यासिकेत तिने स्वतः एक अंडं निवडलं. करड्या रंगाचं, साधं. म्हणाली, "हे आईचं." अजून पिल्लू बाहेर नव्हतं तरी तिने त्याचा स्वभाव ठरवून टाकला. तो हट्टी आहे. त्याला आतून सगळं ऐकू येतं. थाळी वाजली की तो कुशीवर वळतो. बाहेर यायला त्याची ना नाही, पण आधी दार कोण उघडतं ते त्याला बघायचं आहे.

मी हौसेने डिंपलला सांगितलं की हे अंडं माझ्या बहिणीचं खास आहे. डिंपलने मैत्रीखातर त्याची लिंक जिथे जिथे टाकता येईल तिथे टाकली. दुसऱ्या दिवशी बघितलं तर अंड्यावर आजाराची खूण.

"नजर लागली," मितू म्हणाली. हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. तिने तो कुठून उचलला कुणास ठाऊक. "ताई, झाक त्याला."

मी धुकं पांघरलं. अंड्याच्या जागी करडा ढग आला. मितूने सुस्कारा टाकला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. बी.ए.च्या वर्गात बसणारी मुलगी मी, आणि स्क्रीनवरचं एक अंडं झाकून मला वाटलं की आई आता बरी होईल.

मग आईला अंथरुणातून उठवेना. कॉलेज बुडवून मी घरी राहिले. पाणी, भाकऱ्या, झाकणं. मधले बरेच दिवस अभ्यासिकेत जाणं झालं नाही. आई जरा बसती झाली त्या दुपारी मितू माझ्या मागे लागली, म्हणून तिला घेऊन पाच मिनिटांसाठी गेले. धुकं काढलं. खाली अंडं नव्हतं. एक छोटा दगड होता, थडग्याचा असतो तसा.

धुक्याने आजार थांबतो, मुदत थांबत नाही. हे डिंपलने मला सांगितलं होतं. झाकलेल्या अंड्यावर पुढे एकही नजर पडली नाही, दिवस संपले, आणि ते आतल्या आत मेलं.

मितू रडली नाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने स्क्रीनवर बोट ठेवलं आणि विचारलं, "नजर लागून मेलं?"

"नाही."

"मग?"

"कुणी बघितलंच नाही म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आईला कुणी बघितलंय?"

त्या क्षणी मला वाटली तेवढी भीती आजवर दुसऱ्या कशाची वाटलेली नाही. बिबट्याचीही नाही. मी मितूला म्हटलं, तू घरी जा, आईच्या शेजारी बस, हलू नकोस. आणि मी खाली पळाले. पायऱ्या उतरताना एकच डोक्यात होतं, आई मला माफ करणार नाही. आणि दुसरं, आपण पोचेपर्यंत उशीर झाला असेल तर.

पोलिओवाली बाई आरोग्य केंद्राच्या बाकावर डबा खात होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. पाय, डोकं, काजवे. तिने डबा तसाच बंद केला, पिशवी उचलली आणि आतल्या नर्सबाईंना घेऊन माझ्या पुढे चालायला लागली.

आई आम्हाला दारात बघून भिंतीला टेकली. ओरडली नाही. "तू मला उघडं पाडलंस," एवढंच म्हणाली, आणि मान फिरवली. नर्सबाईंनी तिच्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, आकडा बघितला, परत दाबला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो चेहरा बदलला.

"हिला आत्ता न्यायचं. चालवायचं नाही. खुर्ची आहे का घरात?"

खुर्ची परबकाकींकडे होती, लाल प्लॅस्टिकची. काकींनी काही विचारलं नाही. खुर्ची घेऊन आल्या, आईला बघितलं, आणि एवढंच म्हणाल्या, "काय गो बाय, माझ्यापासून पण लपवलंस?" गल्लीतल्या चौघांनी खुर्ची उचलली आणि पायऱ्या उतरायला लागले. भर दुपारची वेळ. प्रत्येक दारात माणूस. बायका भांडी घासायची थांबल्या, पोरं भिंतींवर चढली. ज्या नजरांपासून आई इतके महिने लपली होती त्या सगळ्या एकदम तिच्यावर होत्या. तिने पदर तोंडावरून ओढून घेतला होता आणि पदराखाली तिचा श्वास मला ऐकू येत होता. काकी पुढे चालत होत्या. "बाजूक व्हा रे. बघतास काय, खुर्चीक हात लावा." आणि खरंच, वळणावळणावर कुणीतरी पुढे येऊन खुर्चीला हात लावत होतं. मी आईचा सुजलेला पाय हातात धरून चालत होते. तिने तो काढून घेतला नाही.

पालिकेच्या हॉस्पिटलात तिला आत घेतलं आणि दार बंद झालं. डॉक्टरीणबाई जाताना म्हणाल्या, उद्यापर्यंत थांबला असतात तर मी काही बोलू शकले नसते. वडील साकीनाक्याहून तसेच आले, केसांत प्लॅस्टिकचा भुसा. माझ्या शेजारी बाकावर बसले.

"तिनं नाव घातलं नव्हतं, मला माहीत होतं," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"वाटायचं, कुणाला न कळलेलं बरं." सभेत बोलणारा त्यांचा आवाज तो नव्हता. "मलापण वाटायचं गं."

यानंतर वडील पुन्हा सभेत दृष्ट काढण्याविरुद्ध बोलले, अनेकदा बोलले. पण घाबरणाऱ्या बायांना हसणं त्यांनी सोडलं. आधी विचारायचे, 'कशाचं भ्या वाटतंय, सांगा.'

भाऊ दिवस भरायच्या आधीच जन्मला, तळहाताएवढा. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. वर दिवा, अंगाला नळ्या, आणि कायम कुणी ना कुणी त्याच्याकडे बघत असलेलं. नर्स बघायच्या, डॉक्टर बघायचे, दुसऱ्या पेट्यांतल्या लेकरांच्या आया जाता येता बघायच्या. आईला चाकाच्या खुर्चीवरून त्याच्यापाशी नेलं तेव्हा ती आधी आजूबाजूला पाहून घाबरली. त्याला झाकायला तिचा हात पदराकडे गेला. मग तिने तो हात काचेवर ठेवला. नर्स म्हणाली, "बघा बघा, नीट बघा, आम्ही पण बघतोय." आई बघत राहिली. माझ्याशी ती अजून बोलत नव्हती. तिथून निघताना म्हणाली, "कॉलेज बुडलं का तुझं?" मी म्हटलं, थोडं. "उद्यापासून जा."

तो घरी आला तेव्हा मितू दार उघडून उभी होती. आधीच ठरलेलं होतं म्हणाली, दार मीच उघडणार. त्याचा स्वभाव तिने सांगितल्यासारखाच निघाला. हट्टी. थाळी वाजली की कुशीवर वळायचा. आता तो दहावीला आहे, माझ्यापेक्षा हातभर उंच, आणि मी हे लिहितेय म्हटल्यावर म्हणाला, "मला अंडं करून टाकलंस ना?" मितू आता स्वतः एका दवाखान्यात नर्स आहे. काळ्या ड्रॅगनचं नाव मी तिला मध्ये एकदा विचारलं. तिने अजूनही सांगितलं नाही.

त्या वर्षीची परीक्षा मी झाकणं कापत कापत दिली. पुढच्या दोन्ही वर्षांच्या दिल्या. मालनबद्दलचं ते दुसरं वाक्य तीनदा लिहिल्यापासून मला परत आलेल्या कागदाची भीती राहिली नव्हती, आला तर पुन्हा लिहायचं. पदवीदान समारंभाचा भाड्याचा काळा झगा परत करायच्या आधी मी तसाच अंगात घालून टेकडी चढले, आईला दाखवायला. आई दारात आली. मला वाटलं आत ओढेल, कडी लावेल. तिने माझ्या खांद्याला धरून मला ओट्यावर उभं केलं, पळी घेतली आणि भर उन्हात थाळी वाजवायला लागली. दारं उघडली. परबकाकी कमरेवर हात ठेवून वरून बघायला लागल्या.

"या गं सगळ्या," आई म्हणाली. "बघा माझी लेक."

मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.